तलाव-केंद्राची इमारत आम्ही का घेतली नाही: इंदूरच्या एका गटाचं प्रकरण

आधीच सांगते, ह्यात कोणाचं नाव नाही, तलावाचंही नाही. इंदूरवाले अंदाज बांधतीलच, बांधू देत, पण सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही नव्हेत एवढं नक्की. ह्या गटाची मी साडेतीन वर्षं सचिव होते, म्हणजे मीटिंगचं लिहून ठेवणं, बिलं फाइलला लावणं आणि सगळ्यांचे रुसवे काढणं. मालव्यातल्या तलावांसाठी एक प्रादेशिक संशोधन केंद्र काढायचं असं आम्ही ठरवलं होतं, त्यातलं काय जमलं, काय फसलं, कुठे अडलो आणि तिथे काय ठरवलं ते लिहितेय, कारण देवासच्या एका गटाने हेच विचारलं आणि फोनवर सांगून सांगून माझा घसा बसला.

पार्श्वभूमी

मालव्यात तलावांची कमी कधीच नव्हती. धारला साडेबारा तलावांचं गाव म्हणतात, उज्जैनला सप्तसागर आहेत, मांडूचा जहाज महाल तर दोन तलावांच्या मधेच उभा आहे. इंदूरला होळकरांच्या काळात सिरपूर झाला, बिलावली झाला, गंभीर नदीवर यशवंत सागर झाला आणि शहर बरीच वर्षं ह्याच पाण्यावर जगलं. मग १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी जलूदहून शहरात आलं, आणि माझ्या मते तिथेच बाकीच्या लहान तलावांचं नशीब फिरलं, नळाला नर्मदा आली म्हटल्यावर तलाव फक्त संध्याकाळी फिरायला जायची जागा उरली.

आमचा तलाव असाच. एका बाजूला कॉलनी, दुसऱ्या बाजूला शेतं, एक नाला ज्यात पावसात पाणी आणि बाकी वर्षभर कॉलनीचं सांडपाणी येतं. निगमने (म्हणजे महापालिकेने) मासेमारीचा पट्टा एका मत्स्य समितीला दिलेला, कडेच्या उथळ भागात शिंगाड्याची वेल, गणपतीत विसर्जन, आणि दर उन्हाळ्यात जलकुंभी (महाराष्ट्रातले जलपर्णी म्हणतील, इकडे कोणी म्हणत नाही).

गट जमला तो लोकमान्य नगरात एका काकूंच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी, पोह्यांवर. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, त्यांना सगळे सर म्हणतात. पाण्याच्या खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर काका. एक पक्षीवेडा मुलगा, कॉलेजला होता तेव्हा. काकू स्वतः, ज्यांना मोडी वाचता येते. मी. आणखी दोघं जे सहीपुरते होते, खोटं कशाला बोलू, मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी कायद्यात निदान सात जण लागतात म्हणून सात झालो. मत्स्य समितीचे केवट दादा पहिल्या वर्षी सदस्य नव्हते, ही आमची पहिली चूक, पण तिच्याबद्दल पुढे.

अडचण

जून २०२१, पहिला पाऊस पडून दोन दिवस ढगाळ गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काठावर मासेच मासे, पांढरं पोट वर करून. कटला, रोहू, अगदी हातभर लांबीचे. वास दोन दिवस कॉलनीत होता. समितीवाले म्हणाले कोणीतरी विष टाकलं. कॉलनीवाले म्हणाले नाल्यातून कारखान्याचं काहीतरी आलं. संबंधित ऑफिसातून दुपारी एक माणूस आला, बाटलीत पाणी भरून गेला, आणि पंधरा दिवसांनी कागद आला की पाण्यात ऑक्सिजन समाधानकारक आहे. म्हणजे मासे मेले ते काय उगाच?

तेव्हा सगळ्यांना जाणवलं की ह्या तलावाचं आधीचं काहीच कोणाकडे नाही. मागच्या जूनमध्ये ऑक्सिजन किती होता, फॉस्फेट किती, पाणी किती खोल दिसत होतं, शून्य माहिती. भोपाळच्या मोठ्या तलावावर काम झालंय, तो २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, १९९५ पासून जपानच्या कर्जावर तिथे मोठा प्रकल्प चालला, २००४ मध्ये राज्याचं सरोवर संरक्षण प्राधिकरण तिथे स्थापन झालं जे पुढे एप्को ह्या राज्याच्या पर्यावरण नियोजन संस्थेत सामील झालं. पण ते सगळं भोपाळचं. इंदूर-देवास-धारचे मधले तलाव, जे रामसरमध्ये नाहीत आणि पर्यटनातही नाहीत, त्यांच्याकडे बघणारं कोणी नाही. सर म्हणाले, आपणच केंद्र काढू. पोहे संपेपर्यंत नाव पण ठरलं होतं, कागद मात्र सहा महिन्यांनी झाले.

पर्याय काय होते

पहिला पर्याय इंजिनिअर काकांचा, की आपली सोसायटी, आपली जागा, आपली लॅब. ते आयुष्यभर सरकारी खात्यात राहिलेले, त्यांचं म्हणणं साधं होतं, दुसऱ्याच्या छपराखाली काम केलं की छपरवाला कधीही हाकलतो. दुसरा सरांचा, की एखाद्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये एक खोली मागायची, तिथे उपकरणं आहेत, मुलं आहेत, प्रोजेक्ट म्हणून ती काम करतील. तिसरा, सरळ निगमला सांगायचं की तुमच्याच एखाद्या ऑफिसात हा कक्ष उघडा, आम्ही फुकट माणसं देतो. चौथा कोणीतरी हळूच म्हणालं, की केंद्र-बिंद्र राहू दे, भोपाळच्या लोकांना पाणी पाठवत जाऊ. हा चौथा सगळ्यात स्वस्त होता आणि म्हणूनच बहुधा कोणी मनावर घेतला नाही, नवं काढण्याची हौस असते ना.

तिसऱ्यावर फार वेळ गेला नाही. ज्या ऑफिसच्या नाल्याबद्दल आपण उद्या बोलणार त्याच ऑफिसात बसून आकडे लिहायचे, हे जमलं नसतं.

पहिल्या दोन पर्यायांवर मात्र तीन रविवार गेले. सर जगातली उदाहरणं घेऊन आले. कॅनडात ऑन्टारिओमध्ये १९६८ पासून चाललेलं प्रायोगिक सरोवर क्षेत्र आहे, तिथे १९७३ मध्ये एका सरोवराच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले, दोन्हीत कार्बन-नायट्रोजन टाकला पण फॉस्फरस एकाच भागात, आणि फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला. सरोवर हिरवं का होतं त्याचा इतका साफ पुरावा दुसरा नाही. पण २०१२ मध्ये तिथल्या सरकारने पैसे थांबवायचं जाहीर केलं आणि २०१४ मध्ये एका स्वतंत्र संस्थेने ते चालवायला घेतलं तेव्हा वाचलं. काका लगेच म्हणाले, बघा, सरकारवर बसलं की असं होतं. सर म्हणाले, अहो काका, पण स्वतःचं असतं तर तिथे पडदा लावायला पैसे कुठून आले असते?

जपानचं बिवा सरोवर मला जास्त आवडलं. तिथे १९७७ मध्ये पाणी लाल झालं, बायकांनी फॉस्फेटवाली पावडर सोडून साबण वापरायची चळवळ केली, प्रांताने कायदा केला, आणि सरोवराची संशोधन संस्था आली ती १९८२ मध्ये. म्हणजे आधी लोक आणि मग बिल्डिंग. हे मी मीटिंगमध्ये बोलले तेव्हा काकू म्हणाल्या, मग आपणही पोह्यांपासूनच सुरू करतोय की.

शेवटी कॉलेज ठरलं. प्राचार्य मॅडम उत्साही होत्या, दोन पानांचा करार झाला, खोली मिळाली, एक कपाट मिळालं. त्या करारात खोलीची चावी कोणाकडे राहणार हे लिहिलं नव्हतं.

काय केलं

फेब्रुवारी २०२२ पासून दर पंधरा दिवसांनी मोजणी. सुरुवातीला पाच तलाव, इंदूरचे तीन, देवासकडचा एक, धार रस्त्यावरचा एक. प्रादेशिक म्हटलं होतं ना, मग पाच हवेतच.

सामान अगदी साधं. पारदर्शकता मोजायला सेकी तबकडी, २० सेंटीमीटर व्यासाची, चार पाकळ्या काळ्या-पांढऱ्या. आमची स्टीलच्या ताटलीला ऑइलपेंट मारून केलेली, मधे भोक, खाली वजनाला लोखंडी नट. दोरीवर दर दहा सेंटीमीटरला काकूंच्या सुनेचं लाल नेलपॉलिश. ऑक्सिजनला विंकलर पद्धत, कारण चांगला मीटर लाखाच्या पुढे जातो आणि त्याचा प्रोब सांभाळणं वेगळंच. ही पद्धत ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते, बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं, त्यात मॅंगनीज सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाइड घालायचं, लगेच आत ढगासारखा गाळ बसायला लागतो. ऑक्सिजन असेल तर तो गाळ तपकिरी, नसेल तर पांढरा. पुढे लॅबमध्ये ॲसिड घालून थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं तेव्हा आकडा मिळतो, पण खरं उत्तर काठावरच, बाटलीच्या रंगात दिसतं.

आमचे गाळ नेहमी छान गडद तपकिरी यायचे. आकडे ११, कधी १२ मिलिग्रॅम प्रति लिटर. आम्ही खूश, तलाव एवढा वाईट नाही म्हणून. आता लिहिताना लाज वाटते, कारण इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर, ३० अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन मुरला तरी सातच्या आसपासच मुरणार, मग ११ आला कुठून हा प्रश्न रसायनाच्या प्राध्यापकांना आणि आम्हाला सगळ्यांनाच पडायला हवा होता. पडला नाही. मोजणी नेहमी अकरा-बाराला व्हायची, कारण कॉलेजच्या लॅबचा माणूस साडेदहाला कुलूप उघडायचा आणि मग आम्ही बाटल्या घेऊन निघायचो.

आठ महिने असंच चाललं. मग एक दिवस केवट दादा काठावर जाळं झटकत होते, त्यांनी सरांना विचारलं की तुम्ही नेहमी ह्याच वेळेला का येता. सरांनी सांगितलं लॅब वगैरे. तर म्हणाले, “सरजी, मछली तो अँधेरे में मरती है, आप धूप में आते हो।”

सर तिथेच दगडावर बसले. खरंच बसले, मी होते.

गोष्ट अशी आहे की हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, इतका की पाण्यात मुरेल त्याच्याहून जास्त होतो, तो आमचा ११. रात्री तेच शेवाळ, आणि खालचा कुजणारा गाळ, ऑक्सिजन खात राहतात, आणि सगळ्यात कमी असतो तो सूर्य उगवायच्या जरा आधी. दोन दिवस ढग राहिले तर दिवसाची कमाई कमी, रात्रीचा खर्च तेवढाच. २०२१ मधले मासे बहुतेक असेच गेले, आणि दुपारी बाटली भरून नेलेल्या त्या माणसाचा कागदही खोटा नव्हता, चुकीच्या वेळेचा होता. आम्ही त्याला नावं ठेवली आणि आठ महिने तेच केलं.

पुढच्या गुरुवारी पहाटे पाचला गेलो. केवट दादांची नाव, टॉर्च, थंडी. बाटलीत औषधं घातली आणि टॉर्चच्या उजेडात बघितलं तर गाळ जवळजवळ पांढरा, वर जरा मळकट झाक. आकडा नंतर दीडच्या आसपास आला. त्याच जागी दुपारी परत घेतला तर दहाच्या वर. एकाच दिवसाच्या त्या दोन बाटल्या आम्ही शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला, आणि पुढची दोन वर्षं कुठल्याही ऑफिसात गेलो की आधी तो फोटो दाखवायचो, ग्राफ मागून.

त्याच महिन्यात केवट दादांना सदस्य केलं.

दुसरी शिकवण सेकी तबकडीने दिली. पारदर्शकतेवरून तलाव किती पोसलेला आहे ते काढायचं कार्लसनचं १९७७ चं गणित आहे, एक मीटर दिसलं तर ६०, अर्धा मीटर दिसलं तर ७०, जेवढा आकडा मोठा तेवढा तलाव जास्त हिरवा. पावसाळ्यात आमची ताटली २० सेंटीमीटरवर गायब व्हायची, गणित म्हणायचं ८३. मुलांनी घाबरून प्रेझेंटेशन केलं. पण ते शेवाळ नव्हतंच, ती आपली काळी माती, नाल्यातून वाहून आलेली. मालव्यात जुलै ते सप्टेंबर हे गणित लावूच नये असं आता आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलंय.

इमारतीचा प्रश्न

ऑगस्ट २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर रामसर यादीत आल्याची बातमी आली आणि शहरात एकदम सगळ्यांना तलाव आठवले. त्या दिवाळीच्या सुमारास एका कंपनीचे साहेब भेटायला आले, सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या पैशातून, केंद्राची इमारत बांधून देतो म्हणाले. दोन मजले, वर घुमट, खाली प्रदर्शन, कॅन्टीन, आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये एक सेल्फी पॉइंटसुद्धा. जागा तलावाच्या काठावर, बंधाऱ्याला लागून.

काकांचे डोळे चमकले. त्यांनी त्याच रात्री मला फोन करून सांगितलं, बेटा, असं दोनदा होत नाही.

अडचणी तीन होत्या आणि तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या. सीएसआरच्या २०२१ नंतरच्या नियमांनुसार पैसे घेणाऱ्या संस्थेची वेगळी नोंदणी लागते आणि आमच्यासारख्या बाहेरच्या सोसायटीला निदान तीन वर्षांच्या कामाचा इतिहास लागतो. आमचं वय एक वर्षसुद्धा नाही. साहेब म्हणाले काही नाही, आमच्या ओळखीचा ट्रस्ट आहे, त्याच्या नावाने होईल. म्हणजे इमारत त्या ट्रस्टची, आम्ही आत बसणार. काकांना कॉलेजचं छप्पर नको होतं, आणि हे छप्पर कोणाचं होतं?

दुसरं, पैसे फक्त बांधकामाला. लॅबमध्ये रोज बसणारा माणूस, त्याचा पगार, केमिकल, लाइटबिल, ह्याला काही नाही. ते तुम्ही उभे कराल, असं साहेब म्हणाले.

तिसरं मुद्दाम शेवटी लिहितेय कारण त्याच्यावरच सगळं फिरलं. २०१७ च्या पाणथळ नियमांत पक्कं बांधकाम कमाल पूररेषेच्या सरासरीपासून ५० मीटरच्या आत चालत नाही, बोटीचा धक्का सोडून. आमचा तलाव त्या नियमांखाली अधिसूचित नाही, त्यामुळे आर्किटेक्टचं म्हणणं बरोबर होतं की कायदा आडवा येत नाही. पण ड्रॉइंगवर पट्टी ठेवून बघितलं तर इमारत वीस-बावीस मीटरवर. पक्षीवाला मुलगा, जो मीटिंगमध्ये कधी फारसा बोलायचा नाही, तो म्हणाला, “काका, आपणच काठावर बांधलं तर उद्या समोरच्या बिल्डरला कुठल्या तोंडाने सांगणार?”

जागा थोडी मागे घ्या असं आम्ही सुचवलं. मागे घेतलं की तलावाचा व्ह्यू जातो, असं उत्तर आलं.

मत घ्यावं लागलं. चार विरुद्ध तीन, नको. मी नकोच्या बाजूने होते. काका खुर्चीवरून उठले, चष्मा केसमध्ये ठेवला, म्हणाले चालू द्या तुमचं, आणि स्कूटर काढून गेले, पुढचे पाच महिने आले नाहीत. काकू दर रविवारी त्यांचे पोहे बाजूला झाकून ठेवायच्या.

हा निर्णय बरोबर होता का असं मला अजून लोक विचारतात. काठावरची इमारत नको म्हणणं बरोबर होतं, ह्यावर मी ठाम आहे. पण नाही म्हणायची आमची पद्धत वाईट होती. आम्ही चार ओळींचं पत्र व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळे झालो, जणू मोठं तत्त्व पाळलं. त्याऐवजी समोर बसून म्हणायला हवं होतं की साहेब, इमारत राहू द्या, कॉलेजमार्फत एका टेक्निशियनचा तीन वर्षांचा पगार द्या, बाटल्या आणि एक होडी द्या, कंपनीचं नाव होडीवर लिहू. पुढे कळलं की तीच कंपनी दुसऱ्या गावात एका प्रकल्पाला पगार देते. आम्ही मागितलंच नव्हतं.

निष्पत्ती

केंद्र म्हणावं असं आज काय आहे, तर कॉलेजमधली एक खोली, दोन कपाटं, आणि वह्या. पाचपैकी दोन तलाव सुटले, धारकडचा लांब पडायचा आणि इंदूरमधल्या एकाचा रस्ता बांधकामात बंद झाला. तीन तलावांची पहाटेची मोजणी सलग चालू आहे. सलग म्हणताना एक खड्डा सोडून, २०२३ मध्ये प्राचार्य मॅडमची बदली झाली, नव्या प्राचार्यांना करार माहीत नव्हता, आमची खोली परीक्षेच्या गठ्ठ्यांसाठी घेतली आणि एप्रिल-मेमधले सहा आठवडे कुलूप. थायोसल्फेट खराब झालं. वर्षातले सगळ्यात महत्त्वाचे आठवडे कोरे गेले. त्या पानांवर सरांनी रेघ मारून फक्त “चावी” असं लिहून ठेवलंय.

त्यावेळी काका परत आले. कोणी बोलवायला गेलं नव्हतं, त्यांनीच खात्यातल्या जुन्या ओळखीने कॉलेजशी बोलून नवा करार लिहवून घेतला, पाच वर्षांचा, दोन चाव्यांचा, आणि आकड्यांची मालकी सोसायटीची असं स्पष्ट लिहिलेला. मला तर वाटतं हे काम दोन मजल्यांपेक्षा मोठं झालं, पण त्यांना सांगितलं तर म्हणतात, घुमट छान होता.

तलावासाठी काय झालं विचाराल तर दोन गोष्टी. तलावात एक रंगीत लाइटचा फवारा आहे, तो संध्याकाळी सहा ते नऊ चालायचा, लोक बघायला येतात म्हणून. आम्ही दोन बाटल्यांचा फोटो घेऊन गेलो आणि म्हटलं, हाच मार्च ते जुलै रात्री दोन ते सहा चालवा. पाच महिने लागले. आधी वाटलं विजेचं कारण सांगतील, पण अडलं होतं ते रात्री स्विच कोण दाबणार ह्यावर. शेवटी केवट दादांच्या पुतण्याने ते घेतलं. २०२४ च्या जूनमध्ये तीन दिवस ढग आले तेव्हा समितीने आमच्या आकड्यावरून मोठे मासे आधीच काढून विकले, फवारा रात्रभर चालला, थोडे मासे गेले, पण २०२१ सारखं झालं नाही. फवाऱ्याने तलाव सुधारत नाही हे स्पष्ट लिहिते, त्याचा परिणाम जवळपासच्या वरच्या पाण्यापुरताच, मासे तिथे गोळा होऊन रात्र काढतात. पाणी हिरवं आहे ते हिरवंच आहे.

दुसरी गोष्ट अजून अर्धवट आहे. उन्हाळ्यात तलाव भरलेला दिसावा म्हणून त्यात शुद्धीकरण केंद्राचं पाणी सोडायचा प्रस्ताव आहे. ते पाणी दिसायला स्वच्छ असतं, बीओडीमध्ये (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल त्याची चाचणी) पास होतं, पण साध्या प्रक्रियेत फॉस्फरस बराचसा तसाच पुढे येतो, आणि कॅनडातल्या त्या पडद्याची गोष्ट आम्हाला पाठ आहे. आम्ही विरोध केला नाही, फक्त फॉस्फरस काढायचा टप्पा लावा आणि सोडण्याआधी मोजा अशी अट लिहून दिली, सोबत नाल्याच्या तोंडाचे आमचे आकडे. उत्तर यायचंय. आमचे आकडे मान्यताप्राप्त लॅबचे नाहीत हा आक्षेप येणार हे माहीत आहे, म्हणून आता दर तिमाहीला एक नमुना मान्यताप्राप्त लॅबला पैसे भरून देतो आणि शेजारी आपला आकडा लिहितो. हे पहिल्या महिन्यापासून करायला हवं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही देशातली पहिली रामसर पाणथळ शहरं ठरली, तेव्हा परत फोन सुरू झाले. त्याच वर्षी २७ ऑगस्टला पहिला जागतिक सरोवर दिन होता, त्या दिवशी कोणीतरी येऊन खोलीच्या दारावर बॅनर लावून गेलं.

परत करायचं झालं तर

केवट दादा पहिल्या मीटिंगला. शिंगाडेवालेही, ते अजून आमच्यात नाहीत, आणि वेलीवर कुठलं औषध किती मारतात हे आम्हाला आजही अंदाजाने लिहावं लागतं. प्रादेशिक ह्या शब्दाचा मोह आवरून सुरुवात एका तलावाने केली असती, सगळ्या वेळा, सगळे ऋतू समजून घेऊन मग दुसरा. मुलांच्या प्रोजेक्टवर मोजणी टांगली नसती, मुलं मार्चमध्ये परीक्षेला बसतात आणि तलाव मार्चमध्येच बिघडायला लागतो.

काकूंच्या मोडी वाचनाचा उपयोगही फार उशिरा केला. एका सदस्याच्या घरी पणजोबांच्या नोकरीतली एक वही होती, त्यात आमच्या तलावात पाणी आणणाऱ्या दोन नाल्यांची दुरुस्ती लिहिलीय. आम्हाला एकच नाला माहीत होता. दुसरा कॉलनीच्या तिसऱ्या गल्लीखाली दबलाय, काका पावसात छत्री घेऊन जाऊन बघून आले, रस्त्यावर पाणी तुंबतं ते अगदी त्याच रेषेत. हे २०२२ मध्ये कळलं असतं तर तिथली नवी गटारलाइन टाकायच्या आधी बोलता आलं असतं, आता ती पडली आहे.

देवासच्या गटाला आम्ही गेल्या महिन्यात सहा बाटल्या, औषधं आणि एक रंगवलेली ताटली दिली. परवा सकाळी त्यांचा फोन आला, “ताई, गाळ एकदम तपकिरी आलाय, म्हणजे चांगलं ना?” मी विचारलं बाटली किती वाजता भरली. म्हणाले, नऊ वाजता, चहा घेऊन निघालो होतो.